दिवेलागणीच्या आत

परभणीहून पूर्णेकडे निघालेली आगगाडी शहराची वस्ती ओलांडून काळ्या रानात शिरली म्हणजे थोड्याच वेळात पिंगळीचे लहानसे स्थानक येते. या गावाभोवती ना सह्याद्रीचे कडे आहेत, ना नाव घेण्याजोगा दुर्ग. नजर पोचेल तिथवर रब्बीची ज्वारी, हरभरा, करडई आणि तुरीच्या ओळी, मधूनमधून बांधावरच्या बाभळी, आणि गावात जुन्या बांधणीची दगडी बारव, एवढेच काय ते वैभव. पदभ्रमणाचा इतिहास धुंडाळायला अशा सपाट मुलखात कोणी येणार नाही, हे उघड आहे. तथापि पाठीवर तंबू आणि अंथरूण बांधून रानात रात्र काढणे हीच खरी भ्रमंती, आणि सकाळी निघून सायंकाळी परतणे हा तिचा अर्धामुर्धा अवतार, अशी जी समजूत अलीकडे रूढ होत चालली आहे, तिचे निरसन करणारा पुरावा मला या मुलखाच्या चालीरीतींतच सापडतो. थंडीच्या दिवसांत एका दिवसाची वाट धरावी आणि दिवे लागायच्या आत घर गाठावे, ही येथील रीत केवळ आळसातून किंवा भयातून जन्मलेली नाही. भूमी, ऋतू आणि समाजस्थिती या तिन्हींचा हिशेब पिढ्यानुपिढ्या मांडून काढलेला तो निष्कर्ष आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. गोदावरीच्या खोऱ्यातील ही काळी, चिकण, कसदार जमीन पिकाला जितकी उदार तितकीच पावसाळ्यात वाटसरूला प्रतिकूल. मृगाच्या सरी पडल्या की वहाणेला शेराशेराचा चिखल लागतो, गाडीची चाके आसापर्यंत रुततात, आणि शेजारच्या गावाला जायचे म्हटले तरी ओढ्याचे पाणी उतरेपर्यंत काठावर बसून राहावे लागते. चातुर्मासात संन्याशाने एके ठिकाणी राहावे, जैन मुनींनी वर्षावास पाळावा, फौजांनी छावणीस राहून दसऱ्याला सीमोल्लंघन करावे, हे जे दंडक आपल्याकडे मानले गेले, त्यांच्या मुळाशी धर्माइतकीच ही मातीही आहे. उन्हाळ्यात वाट मोकळी होते खरी. पण वैशाखातील परभणीचे ऊन माथ्यावर घेऊन दुपारी चालणे हे धाडस नव्हे, अविचार होय. म्हणून चालण्याचा खरा हंगाम दिवाळीनंतर उघडतो आणि माघ सरेपर्यंत टिकतो. जमीन वाळून घट्ट झालेली असते, ओढ्यांचे पाणी घोट्याखाली उतरलेले असते, आणि पायवाटा गवतातून पुन्हा वर आलेल्या असतात.

या हंगामाचे एक वैशिष्ट्य पुरेसे लक्षात घेतले जात नाही. युरोपाच्या उत्तर भागात हिवाळ्याचा दिवस आठ तासांवर येतो, आणि तेथील पांथस्थाला अर्धी वाट अंधारात तुडवावी लागते. आपल्या एकोणीस अक्षांशांवर मात्र मार्गशीर्ष-पौषातला सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. त्या अकरा तासांत हवा कोरडी, ऊन सौम्य, आणि दुपारचे तपमान तीस अंशांच्या आतबाहेर. परंतु याच कोरडेपणामुळे रात्र अगदी वेगळी होते. आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता भराभर सोडून देते, आणि पहाटेपर्यंत पारा पंधरा-पंधरा अंशांनी खाली उतरतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातील नोंदींत काही वर्षी तो पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. म्हणजे निसर्गानेच येथे दिवस चालणाऱ्याच्या आणि रात्र घराच्या हवाली केलेली आहे.

आता वाटेचा हिशेब पाहू. पिंगळीहून परभणीचे अंतर तीन कोसांच्या आसपास. कोस म्हणजे स्थूलमानाने दोन मैल. सवयीचा माणूस ताशी तीन मैल सहज चालतो. तेव्हा जाणे दोन तास, येणे दोन तास, वाटेतला विसावा धरला तरी पाच तासांत दोन्ही वाटा होतात, आणि बाजारहाट, कचेरी, सोयरेधायरे यांसाठी पाच-सहा तास उरतात. सर सालारजंग यांनी 1865 साली निजामाच्या राज्यात जिल्हाबंदी केल्यानंतर परभणीस जिल्ह्याची कचेरी आली, तेव्हापासून दस्तऐवज, फिर्याद, तगाई, दाखला अशा अनेक निमित्तांनी भोवतालच्या खेड्यांतील माणूस या वाटांवर अधिकच दिसू लागला. आठवड्याचे बाजार, मामाचे गाव, लेकीचे सासर, ग्रामदैवताची जत्रा यांचे जाळे पाहिले तर ते बहुधा याच त्रिज्येत विणलेले आढळते: उजेडी निघावे आणि उजेडी परतावे.

निघणारा किती दूर जातो हे त्याच्या शिदोरीवरून कळत असे. त्याच दिवशी परतायचे असेल तर फडक्यात ज्वारीच्या दोन भाकरी, ठेचा आणि एक कांदा. ती भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते आणि तेवढेच पुरे असते. वाटेत मुक्काम पडणार असेल तर मात्र घरातली बाई आदल्या रात्रीच दूध काढून ठेवी आणि पाण्याऐवजी दुधात पीठ मळून दशम्या करी, कारण दशमी दोन-तीन दिवस टिकते, आणि पाण्याचा स्पर्श नसल्यामुळे सोवळ्याओवळ्याच्या कल्पनेतही ती प्रवासाला चाले. दशम्यांबरोबर वाकळ आली, घोंगडे आले, तांब्या आला, चकमक आली, आणि एवढे ओझे आले म्हणजे बहुधा सोबतीला दुसरा माणूस किंवा बैलगाडीही आली. एका रात्रीने प्रवासाची लांबी दुपटीने वाढते, पण ओझे चौपटीने वाढते, हे खेड्यातल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नव्हते.

हे ओझे कोणी वाहिले, हा प्रश्न इतिहासाला विचारला पाहिजे. थंडीच्या दिवसांतच अव्वल तालुकदार, दुय्यम तालुकदार आणि तहसीलदार यांचे दौरे निघत. पिकाची पाहणी, जमाबंदीची तपासणी, तंटेबखेडे, सगळे या हंगामात. आणि डेरे, राहुट्या, दप्तर, स्वयंपाकाचे सामान, चपराशी असा लवाजमा घेऊन साहेबांची स्वारी गावोगाव मुक्काम करी. गावाच्या दृष्टीने तो मुक्काम म्हणजे सरबराई: पाटील-पटवाऱ्यांनी दूध, कडबा, सरपण, कोंबड्या जमवाव्यात आणि दुबळ्या जातींच्या माणसांनी सामानसुमान पुढच्या गावापर्यंत वेठीने पोचवावे. निजामी राज्यात वेठबेगारीचे ओझे गरिबाच्या मानेवर किती काळ राहिले, हे या प्रदेशातील वृद्धांना वेगळे सांगावे लागत नसे. रानातील रम्य मुक्कामाची जी वर्णने त्या काळच्या अधिकाऱ्यांनी लिहिली, त्यांच्या मागे हा न लिहिलेला मजकूर आहे. उलट सकाळी निघून सायंकाळी परतणाऱ्याचे ओझे त्याच्याच खांद्यावर असते. तो कोणाच्या दारी उभा राहत नाही आणि कोणाला उभे करीत नाही.

मुक्कामाचा हक्कही सर्वांना सारखा नव्हता. परका माणूस गावात उतरला की येसकराने त्याची खबर चावडीवर द्यावी, पाटलाने नावगाव विचारावे, मग मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर किंवा धर्मशाळेत त्याची सोय व्हावी, अशी सर्वसाधारण रीत होती. पण देऊळ ज्यांना बंद होते आणि बारवेच्या पायऱ्या ज्यांना वर्ज्य होत्या, त्यांनी रात्री कोठे टेकावे? 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहण्यास गेले असता, प्रवेशाजवळच्या हौदातील पाण्याने हातपाय धुतल्यावरून जमाव चालून आला, हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. तोही याच निजामी राज्यातला, आणि तोही भर दिवसाचा. ज्यांना दिवसाचे पाणी निर्वेध मिळत नव्हते त्यांना रात्रीचा निवारा कोण देणार होते? तेव्हा दिवेलागणीच्या आत आपली वस्ती गाठणे ही कित्येकांच्या बाबतीत निवड नव्हती, सक्ती होती, हे नमूद केल्यावाचून या रीतीचा इतिहास प्रामाणिक होणार नाही.

थंडीतील रात्र उघड्यावर काढण्याचा अनुभव येथील शेतकऱ्याला नव्हता असेही कोणी समजू नये. ज्वारी निसवली, कणसात दाणा भरला, म्हणजे रानडुकरांपासून आणि चोरांपासून तिची राखण करण्यासाठी तो जागलीला जातच असे, आजही जातो. चार मेढींवर बांधलेला माळा, त्यावर कडब्याच्या पेंढ्या, अंगावर घोंगडे आणि खाली शेकोटी. पहाटे शेकोटी विझते, दव पडू लागते, घोंगड्याची लोकर ओली होऊन जड होते, आणि उजाडण्याआधीची ती घटका संपता संपत नाही. मग तो उतरून हरभऱ्याच्या रानातून घराकडे निघाला की धोतराचा सोगा गुडघ्यापर्यंत भिजतो, आणि हरभऱ्याच्या पानांवरची आंब टाचेच्या भेगांत शिरून चुणचुणते. घरातली म्हातारी माणसे ही आंब पोटदुखीवर औषध म्हणून हवी असली की पहाटे हरभऱ्यावर धुतलेले फडके पसरून ते पिळून घेत. ज्याने अशा रात्री कर्तव्य म्हणून काढल्या आहेत, त्याला हौस म्हणून आणखी एक रात्र उघड्यावर काढावीशी वाटली नाही, तर त्यात नवल नाही.

या प्रदेशाचे हिवाळी सणउत्सवही याच मापाचे आहेत. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला सारे गाव शेतात जाते, कडब्याच्या कोपीत पूजा करते, भज्जी, आंबील आणि उंडे खाते, आणि दिवस मावळला की परतते. परभणीच्या भोवती पौषात आगटी पेटते आणि हुरड्याच्या निमित्ताने पाहुणे रानात जमतात. तेही सायंकाळी पांगतात. फेब्रुवारीच्या आरंभी परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा ऊरूस भरतो, आणि त्याला हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांची माणसे आसपासच्या खेड्यांतून लोटतात. दूरची वारी, दिंडी, काशीयात्रा यांचे स्थान निराळे आणि पूज्य आहे. परंतु ते व्रत आहे, आयुष्यात कधीतरी किंवा वर्षातून एकदा घ्यायचे. 1857 साली वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडशांचा प्रवासवृत्तांत वाचला म्हणजे मुक्कामामुक्कामाला लूटमार, उपास आणि अनिश्चिती यांची किती तयारी ठेवावी लागे, ते कळते.

1900 च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरगेज मार्ग मनमाडपर्यंत पोचला, आणि पिंगळीच्या परिसरातील वाटसरूला एक नवे साधन मिळाले. आता एक वाट पायी आणि दुसरी गाडीने करता येऊ लागली, आणि त्यामुळे एका दिवसाच्या चालीचा परीघ वाढला, मुक्काम मात्र वाढला नाही. मौजेची गोष्ट अशी की, थोड्या आधी, 1879 साली, लंडनमध्ये लेस्ली स्टीफन यांनी रविवारी पायी भटकणाऱ्या विद्वानांचे एक मंडळ काढले होते. ते रेल्वेने शहराबाहेर जात, वीसेक मैल चालत, आणि रात्रीच्या आत परत येत. त्यांच्या चालण्याला विचारवंतांचे पदभ्रमण म्हणून गौरव मिळाला. आमच्या खेड्यातला माणूस तेच करीत होता, फक्त त्याच्या गाठोड्यात पुस्तकाऐवजी बाजारचे मीठ होते. म्हणून त्याची इतिहासात नोंद नाही.

आज ही वाट कशामुळे मोडली, तर चोरांमुळे नव्हे आणि थंडीमुळेही नव्हे. डांबरी सडक झाली, फटफटी आली, आणि पायवाटेवरची वर्दळ थांबल्यावर दोन्ही बाजूंच्या बांधांनी तिला हळूहळू गिळले. तरी तिचे कागदोपत्री अस्तित्व शिल्लक आहे. गावनकाशावर पायवाटा आणि गाडीवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 अन्वये शेताच्या सीमेवरून वाटेचा हक्क मागता येतो, आणि मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 प्रमाणे वाटेतला अडथळा दूर करण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. परभणीच्या ज्या तरुणांना थंडी पडली की सह्याद्रीतील मुक्कामाची ओढ लागते, त्यांनी तेथे अवश्य जावे. परंतु एखाद्या रविवारी आपल्या गावचा नकाशा तलाठी कार्यालयातून मिळवून, त्यावरील एक तुटक रेषा पायाखाली घालून, सूर्यास्ताच्या आत घरी यावे. या चालीला तंबू लागत नाही, पैसा लागत नाही, दुसऱ्याचा खांदा लागत नाही. पूर्वी ज्यांना बारवेवर आणि देवळात मज्जाव होता त्यांच्या नातवंडांना बरोबर घेऊन ती चालता येते, आणि जी वाट माणसे चालतात ती बांधात गडप करण्याचे धैर्य सहसा कोणाला होत नाही. एका दिवसाच्या चालीने एवढे साधत असेल, तर तिला अपुरी म्हणण्याचे काही कारण उरत नाही.