काळ्या मातीतली वायर आणि काळी नळी

मेहकरच्या शिवारात, पैनगंगेच्या काठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. विहिरीवरच्या मोटारीची वायर अशा मातीतून न्यायची, तर नळी कोणती घालायची? आज आपण या साध्या प्रश्नाचा इतिहास बघू.

१८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनने रस्त्याखालून वीज नेली, ती लोखंडी नळ्यांतून. लोखंड मजबूत खरं. पण ओल्या मातीत गंजतं, आणि त्याचे तुकडे जोडत बसावं लागतं.

मार्च १९३३ मध्ये इंग्लंडात आयसीआय कंपनीच्या फॉसेट आणि गिब्सन यांना दुसराच प्रयोग करताना पॉलिथिलीन सापडलं. महायुद्धात ते रडारच्या केबलींवर आवरण म्हणून चढलं. १९५३ साली जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी ते कमी दाबाखाली बनवलं. त्यातून टणक पॉलिथिलीन आलं, आणि पुढे त्याच्या नळ्या निघाल्या. तारेचं आवरण होतं, ते तारेची वाट झालं!

ही नळी आपल्या मातीला मानवते. ती वेटोळ्यात, लांबच लांब अखंड मिळते. माती हलली की तीही थोडी वाकते. मधे सांधाच नाही, तर निखळणार काय? वायर बिघडली, तर चर न उकरता नवी ओढता येते.

पण एक विसरू नये. नळीत पाणी शिरतंच, आणि कुदळीचा घाव ती पूर्ण अडवत नाही. म्हणून केबल जमिनीखाली चालणारीच घ्यावी, चर खोल खणावा. पुढं कधी कुदळ मारणाऱ्या माणसाला खाली काय आहे, ते दिसत नसतं.