राजाला राज्य कोण देतं?



राजा म्हणजे देवाचा अंश, असं आपण गोष्टींतून ऐकत आलो. पण आपल्या जैन मतात जग घडवणारा आणि चालवणारा ईश्वरच मानलेला नाही. मग राजाला अधिकार दिला कोणी? आचार्य जिनसेनांच्या नवव्या शतकातल्या आदिपुराणात याचं उत्तर कथेच्या ओघात मिळतं.

भोगभूमीत कल्पवृक्ष सगळं पुरवत होते, तोवर राजा लागतच नव्हता. काळ पालटला, लोक घाबरले, तेव्हा त्यांना धीर देणारे, वाट दाखवणारे कुलकर झाले. त्यांचा दंड म्हणजे 'हा', 'मा' आणि 'धिक्' हे शब्द. अरेरे, असं करू नकोस, धिक्कार असो! तेवढ्यानेच माणूस वरमत असे. पुढे कल्पवृक्ष पुरते सरले. भुकेली प्रजा नाभिरायांकडे गेली, त्यांनी तिला ऋषभदेवांकडे पाठवलं. ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मं शिकवली. राज्याभिषेक झाला तो त्यानंतर. अभिषेकाला इंद्र आला खरा, पण प्रजेच्या पोटाची सोय आधी झाली होती.

त्यांचे पुत्र भरत चक्रवर्ती. चक्ररत्नाच्या बळावर षट्खंड जिंकून ते वृषभाचलावर आपलं नाव कोरायला गेले, तर पर्वत आधीच्या चक्रवर्तींच्या नावांनी भरलेला! एकाचं नाव पुसून आपलं लिहावं लागलं. परतताना चक्र अयोध्येच्या वेशीवरच अडलं, कारण भाऊ शरण आले नव्हते. बाहुबलींचं म्हणणं सरळ होतं: माझं राज्य मला वडिलांनी दिलंय. म्हणजे एकीकडे बळ, दुसरीकडे वारसा. शेवटी बाहुबली जिंकले आणि राज्य सोडून तपाला गेले.

जिनसेनांना गुरू मानणारा राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष इ.स. ८१४ मध्ये लहान वयातच गादीवर बसला. वारसा असूनही बंडखोरांनी त्याला हुसकावलं. चुलतभाऊ कर्काने ८२१ पर्यंत त्याला पुन्हा बसवलं. त्याच्या ८७१ च्या संजाण ताम्रपटात लिहिलंय, की प्रजेवरचं संकट टळावं म्हणून त्याने डाव्या हाताचं बोट महालक्ष्मीला अर्पण केलं. ही आपली कोल्हापूरची महालक्ष्मी, असं अभ्यासक मानतात.

त्या ताम्रपटात घराण्याचे विजयही आहेत. पण राजाने प्रजेसाठी काय सोसलं, तेही कोरून ठेवावंसं वाटलं. गादी वारशाने मिळाली तरी ती शोभते प्रजेच्या रक्षणाने, हे तेव्हाही लोकांना ठाऊक होतं.