सोलापूरचा माग आणि शेजाऱ्याची झोप

१/ रात्री दहानंतर शेजारच्या घरातून आवाज आला की आज आपली नजर घड्याळाकडे वळते. सोलापूरच्या पूर्व भागात मात्र घरातून येणारा आवाज पिढ्यान्‌पिढ्या मागाचा होता आणि त्याच आवाजावर घराची चूल पेटत होती.

२/ तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर साखर पेठ, भद्रावती पेठ अशा पेठांतून स्थिरावले. राहते घर हाच त्यांचा कारखाना होता. धोटा हाताने सरकवला जाई, तोवर आवाज बेताचा होता. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत दोरीच्या झटक्याने धावणारा धोटा रुळला. विणण्याचा वेग वाढला आणि त्याबरोबर खडखडाटही.

३/ १८७७ साली ‘जुनी गिरणी’ सुरू झाली. गिरणीचा भोंगा साऱ्या गावाचा होता. पाळी त्यावर ठरे आणि गाव त्यावर घड्याळ लावी. घरच्या मागाला असा भोंगा नव्हता. तो कधी थांबवायचा, हे विणकराने आणि शेजाऱ्याने आपसांत ठरवायचे.

४/ कायदा काय सांगत होता? १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २६८ ने आसपास राहणाऱ्या लोकांना होणारा सामाईक त्रास ‘सार्वजनिक उपद्रव’ ठरवला. त्यातून कोणाचा फायदा किंवा सोय होते, ही सबब चालणार नाही, असेही त्याच कलमात नमूद होते.

५/ विणकर वस्तीतील पेच नेमका येथेच होता. भिंतीच्या दोन्ही बाजूंना माग असला, तर त्रास आणि पोट दोन्ही सामाईक. शेजारी दुसऱ्या व्यवसायात असला, तर त्याच्या वाट्याला केवळ त्रास.

६/ पुढे यंत्रमाग आले. घरालगतच्या शेडमध्ये धोट्याचे माग चालू लागले. अशा मागांजवळचा आवाज सहज ९० डेसिबलपलीकडे जातो.

७/ २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्र १० ते ६ अशी निश्चित केली. रात्रीची मर्यादा निवासी क्षेत्रात ४५ डेसिबल, औद्योगिक क्षेत्रात ७०. हा फरक केवळ २५ आकड्यांचा वाटतो. प्रत्यक्षात ध्वनीची तीव्रता तीनशे पटींहून अधिक होते.

८/ नियमांनी क्षेत्रे वेगळी केली. पूर्व भागात मात्र घर आणि कारखाना एकाच छताखाली वाढले होते. ४५ चा आकडा काटेकोर पाळायचा, तर रात्रपाळीचा माग थांबतो आणि मजुरी बुडते. माग चालू ठेवायचा, तर शेजारच्या तान्ह्या मुलाची आणि आजाऱ्याची झोप जाते. दोन्ही बाजूंना गरीबच.

९/ १९ जानेवारी २०२४ रोजी कुंभारी येथील रे नगरात १५,००० घरांचे लोकार्पण झाले. लाभार्थ्यांत यंत्रमाग कामगार आणि विडी कामगार आहेत. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभा राहणारा कामगार आता मागापासून दूर निजतो. रात्री दहाची शांतता श्रीमंत वसाहतींची चैन मानली जाते. तिची गरज त्याच्याइतकी क्वचितच कोणाला असेल.