निष्ठेसाठी स्पॅनिश शब्द कोणता? ‘लेआल्ताद’, ‘फिदेलिदाद’ आणि ‘फे’ यांतला फरक

मनगटावर स्पॅनिश शब्द गोंदवून घ्यायचा असो की इन्स्टाच्या बायोत टाकायचा असो, निष्ठा आणि श्रद्धा हे दोन विषय हमखास निघतात. इंग्रजीत ‘लॉयल्टी’ किंवा ‘फेथ’ टाइप केलं की एका सेकंदात स्पॅनिश शब्द मिळतो. तो चुकीचा नसतो, पण आपल्याला म्हणायचं होतं तेच तो म्हणतो असंही नाही. बायो बदलता येतो, गोंदण काढणं महागात पडतं.

कामाचे शब्द चार आहेत: लेआल्ताद, फिदेलिदाद, फे आणि कॉन्फियान्सा.

‘लेआल्ताद’ ‘लेआल’ या विशेषणापासून बनला. त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘कायद्याला धरून’ अशा अर्थाच्या शब्दात आहे. इंग्रजीतले ‘लॉयल’ आणि ‘लीगल’ही तिथूनच आलेले. म्हणजे लेआल माणूस तो, जो दिल्या शब्दाला धरून राहतो, अडचणीत साथ सोडत नाही. मित्र, संघ, पक्ष, मालक यांच्याबद्दलची निष्ठा सांगायची तर हा शब्द. मराठीत आपण ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ म्हणतो, ते याच्या अगदी जवळचं. स्पॅनिश राजे शहरांना पदव्या द्यायचे, त्यातही हा शब्द सापडतो. मेक्सिको सिटीच्या जुन्या बिरुदात ‘अत्यंत लेआल’ आहे. माद्रिदचा शेअर बाजार ज्या चौकात आहे, त्याचं नावच ‘प्लासा दे ला लेआल्ताद’.

‘फिदेलिदाद’ आणि त्याचं विशेषण ‘फिएल’ यांची जात वेगळी. जोडीदाराशी एकनिष्ठ राहणं म्हणजे फिदेलिदाद. स्पेनच्या दिवाणी संहितेच्या कलम ६८ नुसार पतिपत्नींनी एकमेकांशी जी निष्ठा राखायची, तिथे हाच शब्द आहे. प्रेमात फसवणारा ‘इन्फिएल’. धंद्यात किंवा मैत्रीत दगा देणारा ‘देसलेआल’. व्यापारातल्या गैरमार्गाच्या स्पर्धेलाही हेच विशेषण लावतात. त्यामुळे मित्राबद्दल लिहिताना फिदेलिदाद वापरलात, तर वाचणारा क्षणभर भुवई उंचावू शकतो. बायकोसाठी नुसतं लेआल्ताद लिहिलंत, तर ते थोडं कोरडं वाटेल.

मात्र ही भिंत पक्की नाही. ‘आमीगो फिएल’ म्हणजे विश्वासू मित्र हे सर्रास चालतं, इमानी कुत्राही ‘फिएल’च असतो. मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराच्या आत्लास या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांना ‘ला फिएल’ म्हणतात. राजकन्या लिओनोरने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, अठराव्या वाढदिवशी, संसदेत शपथ घेतली, तेव्हा राजाप्रति जी निष्ठा वाहिली ती राज्यघटनेच्या शब्दांत फिदेलिदादच होती. थोडक्यात, विशेषण म्हणून फिएल मोकळेपणाने फिरतं. फिदेलिदाद हे नाम मात्र एकटं उभं केलं की लग्न किंवा शपथ आठवते.

फिएलचा आणखी एक अर्थ आहे, जो लेआलला नाही: हुबेहूब. मूळाबरहुकूम नक्कल, मूळाशी प्रामाणिक भाषांतर, दगा न देणारी स्मरणशक्ती, हे सगळं फिएल. तराजूच्या काट्यालाही फिएल म्हणतात. जुन्या म्युझिक सिस्टिमवर ‘हाय-फाय’ लिहिलेलं असायचं, त्याचं स्पॅनिश ‘आल्ता फिदेलिदाद’. नुसता फिदेलिदाद शोधल्यावर दुकानाचं पॉइंट्सवालं कार्ड समोर आलं, तर दचकू नका.

आता ‘फे’. म्हणजे श्रद्धा, प्रामुख्याने देवावरची. पण स्पॅनिश माणूस हा शब्द सरकारी कचेरीतही वापरतो. पेन्शनरचा हयातीचा दाखला म्हणजे ‘फे दे व्हिदा’. पुस्तकातलं शुद्धिपत्र म्हणजे ‘फे दे एर्रातास’. नोटरी एखाद्या गोष्टीची ग्वाही देतो, तेव्हा तो ‘फे देतो’. अर्जेंटिनात ‘मे तेंगो फे’ म्हणजे ‘माझा माझ्यावर भरवसा आहे’, मॅचच्या आधी म्हणावं तसं.

श्रद्धा, निष्ठा आणि ग्वाही एकाच कुळात कशा? फे, फिदेलिदाद, फिएल आणि कॉन्फियान्सा हे सगळे लॅटिनच्या ‘फिदेस’च्या गोतावळ्यातले. हे मराठी माणसाला परकं वाटायला नको. अरबीत ‘इमान’ म्हणजे ईश्वरावरची श्रद्धा. तोच शब्द मराठीत आल्यावर कुत्र्याचं, चाकराचं, सैनिकाचं इमान झाला आणि ते मोडणारा बेइमान ठरला.

या शब्दाची एक काळी बाजू गोव्याला माहीत आहे. इन्क्विझिशनचे निवाडे जाहीरपणे वाचून दाखवण्याच्या समारंभाला ‘आउतो दे फे’ म्हणजे ‘श्रद्धेचं कृत्य’ म्हणत. गोव्यात हे न्यायालय १५६० ते १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडता, चाललं. ‘इन्फिएल’ हाच शब्द तेव्हा ख्रिस्ती नसलेल्यांना लावला जाई.

आणि माणसावरचा विश्वास? तिथे ‘कॉन्फियान्सा’. स्पेनच्या बहुतेक भागात उच्चार ‘कॉन्फियान्था’. ‘तुझ्यावर विश्वास आहे’ म्हणजे ‘कॉन्फिओ एन ती’. ‘ते क्रेओ’ आणि ‘क्रेओ एन ती’ यांतली गल्लत फार होते. पहिल्याचा अर्थ ‘तू म्हणतोस ते मला खरं वाटतं’, दुसऱ्याचा ‘तुझ्या कुवतीवर माझा विश्वास आहे’. परीक्षेला निघालेल्या मैत्रिणीला पहिलं पाठवलं, तर तिला कळणार नाही की तिच्यावर शंका कोणी घेतली होती.

लिहिताना काही गोष्टी सांभाळा. चारही नामं स्त्रीलिंगी आहेत, म्हणून ‘ला फे’. फिएल आणि लेआल मात्र बाई-पुरुष दोघांना सारखेच, अनेकवचनात ‘फिएलेस’ आणि ‘लेआलेस’. अमेरिकन मरीन सैनिकांचं ‘सेम्पर फिदेलिस’ लॅटिन आहे; त्याचं स्पॅनिश ‘सिएम्प्रे फिएल’. आणि फे लिहायचं एफ आणि ई अशा दोनच अक्षरांत, ई वर तिरकी रेघ न देता. पूर्वी ती देत, म्हणून जुन्या पाट्यांवर अजून दिसते. आज रेघ दिलीत, तर गोंदण स्पॅनिश न राहता पोर्तुगीज होईल.