मागच्या चौघांची गोष्ट

मंडळी, आज जरा वेगळा विषय. अमेरिकन फुटबॉल. (पळू नका, नियम फार सांगणार नाही.) इकडे सप्टेंबर उजाडला की ऑफिसात, न्हाव्याकडे, शेजाऱ्याच्या अंगणात एक वाद हमखास निघतो. आजवरच्या संघांमध्ये सगळ्यात भारी डिफेन्सिव्ह बॅक कुणाचे? आपल्याकडे गावसकर की तेंडुलकर हा वाद चहाबरोबर चालतो ना, तसंच. पिट्सबर्गवाला सत्तरचं दशक काढतो, टॅम्पावाला २००२ काढतो, सिॲटलवाला २०१३. आकडे फेकले जातात, आवाज चढतात आणि वाद जिथल्या तिथे.

तो सुटत नाही याचं कारण साधं आहे. ही सगळी मंडळी एकच खेळ खेळत नव्हती. नियम बदलत गेले, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा ते या लोकांमुळेच बदलले.

नात्यातल्या वाचकांसाठी चार वाक्यं. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, रिसीव्हर पळत जाऊन तो झेलतो. या रिसीव्हरच्या मागावर असतात बचावातले शेवटचे चार: दोन्ही कडांना कॉर्नरबॅक आणि सगळ्यात मागे दोन सेफ्टी. कबड्डीतले कोपऱ्यावरचे खेळाडू आठवा, साधारण तशीच जोखीम. रिसीव्हरला आपण कुठे वळणार हे आधी ठाऊक असतं, याला नसतं. हा बिचारा उलटं पळत पळत अंदाज बांधतो, आणि अंदाज चुकला की सगळ्या स्टेडियमला दिसतं. बरोबर आला आणि चेंडू यानेच मधे झेलला, तर ते इंटरसेप्शन.

सुरुवात करायची तर डिक लेनपासून, ज्याला सगळे ‘नाइट ट्रेन’ म्हणत. टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये कचऱ्यात टाकून दिलेलं हे तान्हं मूल. एला लेन नावाच्या बाईंनी उचलून घरी नेलं आणि वाढवलं. पुढे सैन्यात गेला, नंतर लॉस एंजेलिसला विमानाच्या कारखान्यात कामाला लागला. १९५२ साली कात्रणांची वही काखेत मारून तो रॅम्स संघाच्या कचेरीत शिरला आणि म्हणाला, मला खेळायचंय. त्या पहिल्याच मोसमात त्याने १२ सामन्यांत १४ इंटरसेप्शन घेतले. आज मोसम १७ सामन्यांचा आहे, चेंडू कितीतरी जास्त वेळा फेकला जातो, तरी तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. हे वाक्य मी कितीही वेळा लिहिलं तरी मला खरं वाटत नाही.

पण लेनची दुसरी ओळख म्हणजे त्याची धरपकड. तो सरळ मानेला हात घालायचा. या प्रकाराला लोकांनी ‘नाइट ट्रेन नेकटाय’ असं नाव दिलं. हेल्मेटची जाळी धरून ओढणं, मानेत हात अडकवून आडवं करणं, हे प्रकार पुढे हळूहळू बंद झाले. जाळी धरण्यावर सरसकट बंदी आली ती १९६२ मध्ये. लेन तेव्हा डेट्रॉइटकडे होता. शेजारी डिक लबो आणि येल लॅरी. तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. त्या वर्षी ग्रीन बे पॅकर्स फक्त एकदा हरले, आणि ते याच डेट्रॉइटकडून. तरीही वादात हे नाव कुणी काढत नाही, कारण विजेतेपद मिळालं नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

आता पिट्सबर्ग. इथे जरा थांबायला हवं. १९७० साली स्टीलर्सनी मेल ब्लाउंट नावाचा सहा फूट तीन इंची कॉर्नरबॅक घेतला. एवढ्या उंचीचा, एवढ्या ताकदीचा आणि वर एवढा वेगवान माणूस त्या जागेवर तोवर फारसा कुणी पाहिला नव्हता. तेव्हाचे नियमही त्याच्या सोयीचे. चेंडू हवेत जाईपर्यंत रिसीव्हरला ढकलायला, अडवायला बरीच मोकळीक होती. ब्लाउंट समोरच्याला सुरुवातीलाच असा काही धक्का द्यायचा की तो बिचारा ठरलेल्या जागी वेळेत पोचायचाच नाही. १९७५ मध्ये त्याने ११ इंटरसेप्शन घेतले आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. जोडीला माइक वॅगनर, ग्लेन एडवर्ड्स आणि नंतर डॉनी शेल. हा शेल तर खेळाडूंच्या वार्षिक निवडीत कुणी उचललाही नव्हता. तोसुद्धा पुढे हॉल ऑफ फेममध्ये!

परिणाम असा झाला की चेंडू फेकून काही मिळेनासं झालं. १९७७ मध्ये एका संघाला सामन्यामागे सरासरी जेमतेम १४२ यार्ड पासमधून मिळत. प्रेक्षक कंटाळणार हे उघड होतं. १९७४ पासून थोडे थोडे निर्बंध येत होतेच, पण १९७८ मध्ये लीगने खरी पाचर मारली. सुरुवातीच्या रेषेपासून पाच यार्डांपर्यंत काय ते धक्के द्या, त्यापुढे हात लावायचा नाही. लोक आजही याला ‘मेल ब्लाउंट नियम’ म्हणतात. वेस्ट इंडीजच्या तोफखान्यानंतर १९९१ मध्ये षटकाला फलंदाजामागे एकच बाउन्सर हा नियम आला होता, आठवतंय? तीच तऱ्हा. आता यातला विनोद बघा. नियम पिट्सबर्गला वेसण घालायला आला म्हणतात, आणि त्याचा फायदा उचलला पिट्सबर्गच्याच रिसीव्हरांनी. १९७८ आणि १९७९, दोन्ही मोसमांची विजेतेपदं स्टीलर्सकडेच. ब्लाउंटही हात न लावता खेळायला शिकला.

त्याच १९७८ च्या ऑगस्टमधली एक गोष्ट मात्र विनोदाची नाही. ओकलंड रेडर्सच्या मागच्या फळीतले जॅक टेटम, जॉर्ज ॲटकिन्सन, विली ब्राउन, स्किप थॉमस हे ‘सोल पेट्रोल’ म्हणून ओळखले जात. धडकी भरवणारे लोक. १२ ऑगस्टला न्यू इंग्लंडविरुद्ध मोसमापूर्वीचा एक सामना होता. गुणतक्त्यात न धरला जाणारा, निव्वळ सरावाचा. डॅरिल स्टिंगली चेंडूसाठी झेपावला, चेंडू हाताला लागला नाही आणि समोरून टेटम आदळला. पंचांनी शिट्टी वाजवली नाही, कारण तेव्हाच्या नियमांत ती धडक बसत होती. स्टिंगली २६ वर्षांचा होता. मानेखालचं शरीर कायमचं गेलं. रेडर्सचे प्रशिक्षक जॉन मॅडन त्याला भेटायला हॉस्पिटलात जात राहिले. टेटम आणि स्टिंगली यांच्यात मात्र समेट असा झालाच नाही. उलट १९८० मध्ये टेटमचं आत्मचरित्र आलं, त्याच्या शीर्षकात त्याने स्वतःला ‘ॲसॅसिन’, म्हणजे मारेकरी म्हणवून घेतलं होतं. स्टिंगली २००७ मध्ये गेला, टेटम २०१० मध्ये.

‘भारी’ शब्द वापरताना मला हा सामना आठवतो. ती फळी जबरदस्त होती यात शंका नाही. पण तिचा दरारा कशातून आला होता हे डोळ्याआड करून तिला मार्क देणं मला जमत नाही.

ऐंशीचं दशक भरभर उरकतो. रेडर्सच्याच लेस्टर हेजने १९८० मध्ये १३ इंटरसेप्शन घेतले, हातांना चिकट लेप फासून. पुढच्याच वर्षी लेपावर बंदी! (बंदीनंतरही तो चांगला खेळला, हे त्याचे टीकाकार सांगत नाहीत.) १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने मागच्या चार जागांवर तीन नवखी पोरं उतरवली, त्यातला एक रॉनी लॉट, आणि त्याच मोसमात सुपर बोल जिंकला. असं धाडस आज कुणी करणार नाही.

टॅम्पाचा दावा मात्र दमदार आहे. २००२ मध्ये रोंडे बार्बर, जॉन लिंच, ब्रायन केली आणि डेक्सटर जॅक्सन. त्या मोसमात संघाने ३१ इंटरसेप्शन घेतले आणि पासवर फक्त १० टचडाउन दिले. जानेवारी २००३ च्या सुपर बोलमध्ये तर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या रिच गॅननचे पाच पास पळवले, त्यातले तीन थेट टचडाउनपर्यंत नेले. नुसत्या आकड्यांवर निकाल लावायचा तर इथेच थांबावं. पण पुढे वॉरन सॅप क्वार्टरबॅकला श्वास घेऊ देत नव्हता, मधे डेरिक ब्रुक्स होता. श्रेय वाटावं लागतं.

वर्षभरात पुन्हा चक्र फिरलं. जानेवारी २००४ मध्ये न्यू इंग्लंडच्या टाय लॉने पेटन मॅनिंगचे तीन पास पळवले. रिसीव्हरांना मनसोक्त धरलं, अशी ओरड झाली. लीगने पंचांना ‘पाच यार्डांचा नियम काटेकोर लावा’ असं बजावलं आणि त्याच वर्षी मॅनिंगने ४९ टचडाउन पास फेकून विक्रम केला. तिथून पुढे हा खेळ फेकणाऱ्यांचाच झाला.

म्हणूनच माझं मत सिॲटलला. रिचर्ड शर्मन आणि कॅम चॅन्सलर, दोघेही निवडीच्या पाचव्या फेरीत मिळालेले. शर्मन तर कॉलेजात आधी रिसीव्हर होता. ब्रँडन ब्राउनर कॅनडाच्या लीगमधून आलेला. मोठी किंमत मोजून घेतलेला एकटा अर्ल थॉमस. २०१३ मध्ये सगळे नियम त्यांच्या विरुद्ध असताना त्यांच्या संघाने सामन्यामागे पासवर १७२ यार्ड दिले, तेव्हा लीगची सरासरी २३५ च्या आसपास होती. अंतिम सामन्यात समोर तोच मॅनिंग, त्या मोसमात ५५ टचडाउन पास फेकलेला, आणि ६०६ गुणांचा विक्रम केलेला डेन्व्हर. निकाल ४३-८. डेन्व्हरच्या डेमेरियस थॉमसने त्या दिवशी १३ झेल घेतले, तेव्हाचा सुपर बोलचा विक्रम. पण प्रत्येक झेलानंतर तो दोन पावलांत जमिनीवर. सिॲटलचीही पुढची फळी तगडी होती हे मान्य, पण हे पाडण्याचं काम मागच्यांचं होतं.

२०१४ च्या आधी लीगने पुन्हा पंचांना फर्मान काढलं. तरीही सलग चार मोसम, २०१२ ते २०१५, सर्वांत कमी गुण देणारा संघ सिॲटलच राहिला.

किंमत त्यांनीही मोजली. फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल शर्मन, थॉमस आणि चॅन्सलर, तिघेही जायबंदी अवस्थेत खेळले आणि शेवटच्या क्षणी हरले. ज्या डावात हरले, त्यात त्यांच्या रिसीव्हरला जागच्या जागी रोखून धरणारा कोण? तोवर न्यू इंग्लंडला गेलेला त्यांचाच ब्राउनर. मागून माल्कम बटलर धावत आला आणि त्याने पास पळवला. ९ नोव्हेंबर २०१७ ला ॲरिझोनात शर्मनची टाच गेली आणि त्याच सामन्यात चॅन्सलरची मान. चॅन्सलर पुन्हा खेळला नाही. ३० सप्टेंबर २०१८ ला त्याच मैदानावर थॉमसचा पाय मोडला. नवा करार न दिल्यामुळे तो क्लबवर चिडलेला होता. गाडीवरून बाहेर नेताना त्याने बोट दाखवलं ते प्रतिस्पर्ध्यांना नाही, स्वतःच्या संघाच्या बाकाकडे.