सुरतेचा सांधा

आजच्या सुरत जिल्ह्यात पलसाण्यासारखी समुद्रापासून आत वसलेली गावे कापडाच्या कारखान्यांसाठी ओळखली जातात. परंतु अठराव्या शतकात या मुलुखाचे नाव देशोदेशी पोहोचविले ते कापडाइतकेच तापीकाठच्या सुतारांनी. त्यांच्या कौशल्याचे मर्म गलबताच्या आकारात नव्हते, की शिडांतही नव्हते. ते होते दोन फळ्यांमधील सांध्यात.

डच नाविक स्ताव्होरिनस 1770 च्या दशकात सुरतेस आला आणि येथील जहाजबांधणी पाहून त्याने ती बारकाईने नोंदून ठेवली. युरोपात फळ्यांचे सपाट काठ एकमेकांना भिडवीत आणि मधल्या फटींत मागाहून दोर ठोकीत. सुरतेचा सुतार काठांना खाचा पाडून एक फळी दुसरीत बसवी. ती नीट बसली की नाही, हे पाहण्यासाठी तो एका काठाला शेंदूर लावी. दुसऱ्या काठावर जेथे शेंदूर उमटेल, तेवढेच लाकूड तासायचे आणि पुन्हा जुळवून पाहायचे. सर्व काठावर सारखा रंग उमटला, म्हणजे राळेचा लेप, त्यावर कापसाचा पातळ थर, आणि मग दोन्ही फळ्या कायमच्या एक. ही राळ कालांतराने लोखंडासारखी कठीण होई, असे स्ताव्होरिनस सांगतो.

हीच विद्या घेऊन लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये काही सुतारांसह सुरतेहून मुंबईस आले. 1750 मध्ये मुंबईत कोरडी गोदी उभी राहिली आणि वाडिया घराण्याच्या पिढ्यांनी तेथे सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी 1817 मध्ये पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमली’ हे जहाज इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही जतन केलेले आहे. सागवानातील तेलाने खिळे गंजत नाहीत, हे त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण खरेच. पण उत्तम लाकूडही सांधा कच्चा असेल तर गलबताला तारीत नाही.

आता काळ पालटला आहे. कोळी बांधवांच्या अनेक होड्या काचतंतू आणि राळ यांच्या झाल्या. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतही लाकडाच्या गाभ्यावर काचतंतूचे आवरण आहे; तीतून दिलीप दोंदे यांनी 19 ऑगस्ट 2009 ते 19 मे 2010 या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. काचतंतूच्या होडीला फळ्यांचे सांधे नाहीत, हे खरे. मात्र बहुतेक होड्यांत एक मोठा सांधा उरतोच. खालचे कवच एका साच्यात घडते, वरचा डेक दुसऱ्यात, आणि दोहोंचे काठ बोल्ट व लांबी यांनी जोडले जातात. लाटांच्या धक्क्यांनी आणि धक्क्यावरच्या आपटण्याने हाच काठ प्रथम सैल होतो.

मग पाणी झिरपते. ते एका ठिकाणी शिरते आणि आतल्या बाजूने वाहत जाऊन दुसऱ्याच ठिकाणी ठिबकते. घाईचा माणूस ठिबकणाऱ्या जागी बाहेरून लांबी फासतो. एक पावसाळा बरा जातो. आत मात्र बोल्ट गंजत राहतात आणि डेकचा लाकडी गाभा कुजू लागतो. खरी दुरुस्ती कष्टाची आहे. काठावरची घासपट्टी काढावी, बोल्ट सैल करून काठ उघडावा, जुनी लांबी पूर्ण खरवडावी, सांधा धुऊन कोरडा करावा, घासून घ्यावा. मगच पॉलियुरेथेनची नवी लांबी सलग भरावी. सिलिकोन येथे टाळावे, कारण त्याच्या अंशावर पुढे दुसरे काही चिकटत नाही. बोल्टही इतके आवळू नयेत की लांबी सारी बाहेर येऊन सांधा कोरडा राहील.

सुरतेच्या सुताराने शेंदूर लावून पाहिले ते याचसाठी. सांधा मिटल्यावर आतले कोणालाच दिसत नाही. म्हणून तो मिटण्यापूर्वीच पाहावा लागतो. साहित्य बदलले, तरी हा नियम बदललेला नाही. वल्हे हाती घेणाऱ्याचा जीव अशाच, कोणाला न दिसणाऱ्या कामावर तरतो.