उपाशीपोटीच्या साखरेचं कूळ

रात्री जेवून झोपलेल्या माणसाच्या रक्तात पहाटे साखर येते कुठून? क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४८ साली त्याचा माग काढला: यकृतातून. तरीही मधुमेह म्हटलं की सगळा दोष स्वादुपिंडाच्या माथी मारायची आपली सवय सुटत नाही. १९३६ मध्ये लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवून दिलं, की काही रोग्यांचं शरीर स्वादुपिंडातून येणाऱ्या, साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला दादच देत नाही. दाद न देणाऱ्या अवयवांत चरबी साठलेलं यकृत पुढे असतं. खाणं खर्चाहून वाढलं, कातडीखालची जागा पुरेनाशी झाली, की चरबी यकृतात शिरते. मग इन्सुलिनने कितीही थोपवलं तरी यकृत रात्रभर साखर सोडतच राहतं. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. गंमत अशी, की भात-भाकरीतल्या पिष्टाची चरबी करण्याचा इन्सुलिनचा हुकूम मात्र तेच यकृत इमानेइतबारे पाळतं. साखरही वाढते, चरबीही.

वाशिमच्या शिवारात सोयाबीन सोंगणाऱ्या सडपातळ माणसाचा याच्याशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. उत्तर पुण्यातून आलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) एकच, २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वजनकाटा आपल्याकडे अर्धंच सांगतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पीएनपीएलए३ या जनुकाच्या एका प्रकाराने यकृतात चरबी साठते, पण साखर त्या मानाने बिघडत नाही. खरं आहे, नुसती चरबी दिसली म्हणून मधुमेह ठरत नाही. पण खाण्यातून साठलेल्या चरबीची उलट परीक्षा न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी २०११ मध्ये घेतली: ११ मधुमेही, आठ आठवडे, रोज ६०० किलोकॅलरी. पहिल्याच आठवड्यात यकृतातली चरबी ३० टक्क्यांनी उतरली आणि उपाशीपोटीची साखर जाग्यावर आली. (हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखालचा, घरी करायचा नव्हे.)

पोटदुखीसाठी काढलेल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ लिहून आलं, तर तो कागद पिशवीत ठेवून देऊ नका. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासून घ्या, कमरेला टेप लावा. पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर भरली, तर काट्यावर वजन कितीही कमी दिसो, डॉक्टरांना दाखवा.